सतवासच्या अंगणात बेळगावची लिली

शिमगा सरला की बेळगावच्या आमच्या जुन्या घराच्या परसात तांबडी लिली फुलायची. हातभर उंच जाड दांडा आणि त्यावर कर्ण्यासारखी दोन-चार फुले. पाडव्याच्या गुढीला आणि युगादीच्या पूजेला आजी तीच वापरी. लग्न होऊन मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या सतवासला गेली, तेव्हा माझ्या आत्याने ट्रंकेत साड्यांखाली याच लिलीचे सात कंद नेले होते. सासरी कुणाला कानडी येत नव्हते. "बोलायला ही गड्डी तरी आहे," असे ती म्हणे.

कितीतरी वर्षे ती ओळ फुलत राहिली. मग पाच वर्षांपूर्वी मी सतवासला गेले आणि सगळे बिघडवून आले. आत्याच्या घराची दुरुस्ती चालली होती. कंद हलवायचे होते. मी पुढाकार घेऊन ते मागच्या बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत वीतभर खोल पुरले. 'नीटनेटके दिसावे' म्हणून पाने कापली, वर मूठभर युरिया टाकला. पुढची तीन वर्षे नुसती पाने आली. दरम्यान बेळगावचे घर पाडून तिथे फ्लॅट झाले, परस गेले. आता आजीची लिली उरली ती फक्त सतवासला, आणि तिची ही गत माझ्या हाताने झालेली.

गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी पुन्हा गेले. इंदूरहून कन्नोदमार्गे विंध्याचा घाट उतरताना दोन्ही बाजूंना काळी जमीन दिसू लागते. आमच्या विजापूर-धारवाडकडची मंडळी जिला 'यरी' म्हणतात, तशीच. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाणी धरून बसते. बेळगावची तांबडी माती पाणी सोडते, ही सोडत नाही, एवढे साधे माझ्या ध्यानात आले नव्हते. ओळ उकरली. अकरा कंदांतल्या सहांचा चिखल झाला होता. पाच वाचले होते, तेही लिंबाएवढे आक्रसलेले. आत्या काही बोलली नाही. तिला आता कमी दिसते. तिने एकेक कंद हातात घेऊन चाचपला, एवढेच.

वाचकहो, ही लिली म्हणजे आपण जिला अमॅरिलिस म्हणतो ती. शास्त्रीय नाव हिप्पीस्ट्रम, मूळ दक्षिण अमेरिकेतले. तिचा पहिला संकर इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने 1799 च्या सुमारास केला. वसंतातले कंद म्हटले की आपल्याला ट्युलिप आठवतो, पण त्याच्या कंदाला तीन-चार महिने कडक थंडी लागते. म्हणून 2007 साली त्याची मोठी बाग उघडली ती श्रीनगरला. सतवासला किंवा बेळगावला त्याच्या नादी लागू नये. आपल्याला ही लिलीच बरी. तिला थंडीपेक्षा हवी असते ती कोरडी विश्रांती.

मी कुठे चुकले, ते नंतर वाचून-विचारून उमगले. चैत्रात दिसणारे फूल चैत्रात तयार होत नाही. आदल्या वर्षी पाने वाढत असतानाच कंदाच्या पोटात कळी धरते. साधारण चार पानांमागे एक दांडा, असा तिचा हिशेब असतो. पाने हेच तिचे स्वयंपाकघर. ती कापली की कंद उपाशी. सावलीतही तीच गोष्ट. युरियाने पाने माजतात, फूल मागे पडते.

मग आम्ही असे केले. वाचलेले कंद सावलीत सुकवले. अंगणात सकाळचे ऊन येते तिथे विटांचा वीतभर उंच वाफा केला. एक भाग काळी माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग कुजलेले शेणखत, वर थोडे हाडांचे खत. फेब्रुवारीत कंद लावले ते मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवून. त्या वसंतात फूल आले नाही, येणारही नव्हते. पावसाळाभर पाने वाढू दिली, महिन्यातून एकदा चुलीतली चिमूटभर राख. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पावसात हमखास येतात आणि रातोरात पाने फस्त करतात. शेजारची मुलगी रोज संध्याकाळी त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकी. ऑक्टोबर संपताना पाणी कमी केले, नोव्हेंबर ते जानेवारी बंद. पिवळी पाने आपोआप गळू दिली. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा पाणी सुरू केले.

बेळगावकडच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे, आपल्याकडे पाऊस जास्त. कुंडीत लावत असाल तर तळाला खापऱ्या घाला आणि मुसळधारेत कुंडी पागोळीखालून हलवा. कंद लिंबाएवढा असेल तर फुलाची घाई करू नये. मोठ्या कांद्याएवढा झाल्यावरच तो फुलतो, पिल्लांना दोन-तीन वर्षे लागतात. आणि घरात लहान मुले असतील तर हे कंद उळ्ळागड्डीच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. दिसतात कांद्यासारखे, पण विषारी असतात, पोटात गेले तर ओकाऱ्या होतात.

परतताना देवासला उतरले. आपल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये या गावी आले. बरे झाले, गाऊ लागले आणि 1992 मध्ये जाईपर्यंत इथलेच राहिले. माळव्याची लोकगीते त्यांनी इथेच ऐकली आणि मैफलीत आणली. टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल'समोर उभी राहिले तेव्हा मला आत्याची ट्रंक आठवली. आपल्या मातीतून निघालेल्याला नवी माती मानवायला वेळ लागतो, आणि त्या वेळात कुणी घाई करू नये.

यंदा पाडव्याच्या आठवड्यात भल्या सकाळी फोन आला. आत्याचा आवाज इतका मोठा की मी दचकले. "हू बंत नोड!" पाचांपैकी दोन कंदांना दांडे आले होते, एकावर तीन, एकावर दोन फुले. दिसत नसल्याने तिने ती बोटांनी मोजली होती.

मे महिन्यात भाच्याबरोबर तिने एक पिल्लू-कंद धाडला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. आता तो आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीत आहे. दोन पाने आली आहेत. गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगाला लागतात, घरचे म्हणतात कापून टाक. मी कापत नाही.