कागद खुर्चीचा

सरकारी गुपितांचा विषय निघाला की आपल्याला हेर आणि फितुरी आठवते. कायद्याचे पुस्तक उघडले, की तिथे एक अगदी साधा वाटणारा गुन्हाही सापडतो : परत करायचा कागद परत न करणे. जुन्या दफ्तरांचा अभ्यास करताना या गुन्ह्याचे गांभीर्य मला हळूहळू उमगत गेले.

आपल्याकडचा शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा. त्याचे पाचवे कलम गुपित फोडणाऱ्यापाशीच थांबत नाही. अधिकार नसताना कागद जवळ ठेवणारा, परत करण्याचा आदेश जाणूनबुजून न पाळणारा आणि कागदाची वाजवी काळजी न घेणारा, हे तिघेही त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कागद शत्रूच्या हाती पडलाच पाहिजे, अशी अट येथे नाही. अमेरिकेचा १९१७ चा हेरगिरी कायदाही, मागणी होऊनही संरक्षणविषयक कागद हेतुपुरस्सर न देणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो.

या तरतुदींच्या मुळाशी एक कल्पना आहे : कागद खुर्चीचा असतो, खुर्चीवरच्या माणसाचा नसतो. ती रुजायला वेळ लागला. पेशवाईत राज्याचे दफ्तर आणि कारभाऱ्याचे दफ्तर यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. नाना फडणीसांचे कितीतरी कागद वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिले, म्हणून ते संशोधकांना तेथून मिळाले. ते टिकले हे आपले नशीब. जॉर्ज वॉशिंग्टननेही निवृत्त होताना आपले कागद घरी नेले होते, आणि पुढे पावणेदोनशे वर्षे अमेरिकेत अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ताच मानली गेली. वॉटरगेट प्रकरणानंतर निक्सन यांच्या ध्वनिफिती व कागद सरकारच्या ताब्यात ठेवण्यासाठी १९७४ मध्ये खास कायदा करावा लागला. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षाचे कार्यालयीन दस्तऐवज जनतेच्या मालकीचे ठरवले. २० जानेवारी १९८१ पासून पदावर आलेल्या अध्यक्षांना तो लागू झाला.

या तत्त्वाची कसोटी अलीकडे लागली. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२१ मध्ये पद सोडल्यावर राष्ट्रीय अभिलेखागार कागद मागत राहिले. जानेवारी २०२२ मध्ये पंधरा खोकी परत आली. त्यांत गोपनीयतेचे शिक्के असलेले १९७ दस्तऐवज निघाले. समन्स बजावल्यावर जूनमध्ये आणखी ३८ मिळाले, आणि ८ ऑगस्टच्या झडतीत आणखी १०२. पुढल्या वर्षी आरोपपत्र दाखल झाले. ट्रम्प यांनी आरोप नाकारले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने विशेष वकिलाची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला रद्द केला. कागद ठेवून घेणे गुन्हा होता की नाही, यावर निकाल लागलाच नाही.

जो बायडन यांच्याकडेही उपाध्यक्षपदाच्या काळातले गोपनीय कागद निघाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते सापडताच त्यांच्या वकिलांनी अभिलेखागाराला कळवले. पुढे घराच्या झडतीलाही संमती दिली. विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या २०२४ च्या अहवालात, कागद हेतुपुरस्सर ठेवल्याचा पुरावा आहे पण दोष सिद्ध होण्याइतका नाही, असे म्हटले आणि खटला भरला नाही. म्हणजे बायडन यांचे वागणे निर्दोष ठरले असे नाही. पण त्याच अहवालाने दोन प्रकरणांतला महत्त्वाचा फरक म्हणून बोट ठेवले ते परत करण्याच्या वर्तनावर. माझ्या मते सगळा धडा इथेच आहे. हलवाहलवीत चुकीचा कागद खोक्यात जाऊ शकतो. मागणी आल्यानंतर मात्र प्रत्येक दिवस हा निवडीचा दिवस असतो.

म्हणूनच कागद सांभाळण्याची रीत कंटाळवाणी असते, आणि ती तशीच असावी. प्रतीवर क्रमांक, नोंदवहीत नोंद, दुहेरी मोहोरबंद पाकीट, घेणाऱ्याची सही, कुलूपबंद कपाट आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी मोजून सोपवलेला कार्यभार. या साखळीतली एक सही चुकली तरी कागद कुठे आहे, हे सांगायला कोणी उरत नाही.

एक गोष्ट अभ्यासक म्हणून मला अधिक डाचते. गोपनीयता ही कायमची नसते. आज झाकलेला कागद उद्या अभिलेखागारात जाऊन खुला व्हावा, यासाठीच १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. परवानगीविना सरकारी अभिलेख देशाबाहेर नेणाऱ्याला किंवा बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण जो कागद कोणाच्या तळघरात पडून आहे, त्याच्यावरचा शिक्का कोण उतरवणार? माहितीचा अधिकार वापरून मागितला, तरी तो उपलब्ध नाही असेच उत्तर येणार. कागद परत न करणारा माणूस आजचे गुपित धोक्यात घालतो आणि उद्याचा इतिहासही अडवून धरतो. पहिले नुकसान सरकारचे, दुसरे तुमचे-माझे.