नाटकं नव्हेत, आजार आहे!

‘पोरगी जेवत नाही, नुसती नाटकं करते!’ सातारा असो की सांगली, आयांची ही तक्रार काही नवी नाही. डबा तसाच परत येतो, रात्री ‘मैत्रिणीकडे खाल्लं’ म्हणून सांगते, त्यात संकष्टी, गुरुवार, नवरात्राचे कडक उपवास. वजन मात्र उतरतच जातं. पाळी थांबते, केस गळतात, उन्हाळ्यातही हातपाय गार पडतात. तरी आरशात तिला आपण जाडच दिसतो.

मैत्रिणींनो, हा हट्ट नव्हे. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हा आजार आहे. आपल्याकडच्या काही मुली ‘जाड होईन’ असं म्हणतही नाहीत. ‘पोट गच्च वाटतं’, ‘भूकच नाही’ एवढंच सांगतात. मग कधी टॉनिक, कधी दृष्ट काढणं, यातच महिने जातात.

उपासमारीनं मनही बदलतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते उदास, चिडचिडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. म्हणून ‘मन ताळ्यावर आलं की जेवेल’ असं म्हणत थांबू नये. जेवण हेच पहिलं औषध!

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तयार झालेल्या उपचारपद्धतीत किशोरवयीन मुलीच्या ताटाची जबाबदारी काही काळ आई-वडीलच घेतात. रागावायचं नाही, वजनावरून टोमणे नाहीत. शेजारी बसायचं आणि ठरलेलं जेवण पूर्ण करवून घ्यायचं. मात्र वजन फारच उतरलं असेल, तर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. चक्कर येत असेल, नाडी मंद असेल तर तडक दवाखाना गाठा.

बरं होता येतं का? हो, पण वेळ लागतो. बॉस्टनमधल्या पाहणीत नऊ वर्षांनी जेमतेम एकतृतीयांश रुग्ण बऱ्या झाल्या होत्या, बावीस वर्षांनी मात्र जवळजवळ दोनतृतीयांश! लवकर उपचार झाले तर वाट सोपी होते.

साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल तिथे आधी तपासणी करून घ्या. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला लाजू नका. २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. ‘लोक काय म्हणतील’ हे नंतर बघू, आधी लेक महत्त्वाची!