विमान रेडी, इंजिन यायचंय!

बाइक बुक केली, रंग ठरला, पैसेही भरले. आणि शोरूमवाला म्हणाला, ‘गाडी तयार आहे, फक्त इंजिन यायचंय!’ तर? आपल्या हवाई दलाच्या बाबतीत जवळपास हेच घडलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ ‘तेजस मार्क-१ए’ विमानांचा करार झाला. बांधणार हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपली ‘एचएएल’. इंजिन मात्र अमेरिकेच्या जीई कंपनीचं, एफ-४०४. ऑगस्टमध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर गेली, किंमत ७१ कोटी ६० लाख डॉलर. खरी गोची इथेच होती. भारतासाठीची आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन झाल्यावर जीईने ही लाइनच बंद केली होती. पुढची ऑर्डर नाही, तर कारखाना कशाला चालू ठेवायचा?

बरं, ही लाइन म्हणजे बटण दाबलं की सुरू होणारा मिक्सर नव्हे. या इंजिनातली टर्बाइनची पाती एकाच स्फटिकाच्या रूपात ओतलेली असतात, कारण त्यांना भयानक उष्णता सोसायची असते. असे भाग बनवणारे लोक जगात मोजकेच. पाच वर्षांत ते दुसऱ्या कामांना लागले. त्यांना पुन्हा गोळा करायचं, त्यात कोविड. पहिलं इंजिन उजाडलं मार्च २०२५ मध्ये. खरं तर विमानंच मार्च २०२४ पासून मिळायची होती. तोवर एचएएलने राखीव इंजिनं बसवून चाचण्या उरकल्या.

इकडे घड्याळ थांबलं नव्हतं. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं आणि हवाई दलाकडे उरल्या २९ स्क्वाड्रन. मंजूर आहेत ४२.

‘मग आपलं इंजिन का नाही?’ बरोबर प्रश्न आहे. ‘कावेरी’ १९८९ मध्येच मंजूर झालं होतं, पण हवा तेवढा जोर मिळेना, म्हणून तेजसपासून ते वेगळं काढलं. उशिराचं सगळं खापर जीईवर फोडणं सोपं आहे, पण दुसऱ्या ऑर्डरला पाच वर्षं आपणच लावली. यावेळी तेवढी चूक टाळलेली दिसते. आणखी ९७ विमानांचा करार झाल्यावर दीड महिन्याच्या आत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ११३ इंजिनांचा करार झाला. पुन्हा जीईशीच.

ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या ओझरहून तिथे बांधलेलं पहिलं मार्क-१ए उडालं. इंजिन अर्थातच साता समुद्रापारचं!