मल्टिमीटर वाजला म्हणजे लॅन केबल ठीक, असं नाही

पवनार (जि. वर्धा) : ग्रामपंचायतीत, शाळेत इंटरनेट रेंगाळलं की केबलला मल्टिमीटर लावतात. बीप वाजला की केबल ठीक ठरते. पण त्यातून तार तुटलेली नाही, एवढंच कळते.

लॅन केबलचा इम्पिडन्स 100 ओहम, डिश टीव्हीच्या केबलचा 75. हा आकडा धावत्या सिग्नलपुरता असतो, म्हणून साध्या मीटरवर दिसत नाही. कनेक्टरमध्ये तो बदलला की थोडा सिग्नल मागे फिरतो; पाटात दगड आडवा आला की पाण्याची लाट फिरते तसा.

तो मोजायला टीडीआर नावाचं यंत्र असते. ते केबलमध्ये विजेचा बारीक ठोका सोडते. किती सिग्नल परतला यावरून इम्पिडन्स कळतो, किती वेळाने परतला यावरून दोषाची जागा. लॅन केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण 20 सेंटिमीटर जातो. ठोका 200 नॅनोसेकंदांनी परतला, तर जाऊन-येऊन 40 मीटर. दोष 20 मीटरवर.

यंत्र महाग आहे, काळजी फुकट. प्लग बसवताना तारांच्या जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू देऊ नका. आणि पूर्ण केबल बदलण्याआधी दोन्ही टोकांचे प्लग नवे लावून पाहा.