दोरीवरची खूण आणि गाण्याचा ठेका

चारसूत्री भातलागवडीचं प्रात्यक्षिक होतं. नागभीड तालुक्यातली बांधी, चिखलणी झालेली, बारा बाया ओळीने उभ्या. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा. मी धुऱ्यावरून ओरडत होतो, "रोवा! दोरी उचला! रोवा!" अर्ध्या तासात सगळा घोळ. कुणाचा हात पुढे, कुणाचा मागे. शेवटी एक आजी म्हणाल्या, "सायेब, तुमी जरा चूप बसा जी. गाणं धरू द्या."

आजींनी गाणं धरलं, बाकीच्यांनी झेललं. ठोक्याला चूड चिखलात, ध्रुपद आलं की दोरी पुढे. ओळ सरळ झाली.

यात जादू नाही, हिशेब आहे. ठोका म्हणजे मात्रा. दोन ठोक्यांमधल्या अंतरावर लय ठरते. अंतर कमी झालं की लय द्रुत, वाढलं की विलंबित. ठरलेल्या मात्रांचा फेरा म्हणजे ताल आणि फेऱ्याची पहिली मात्रा म्हणजे सम. सगळ्यांनी एकत्र यायची जागा तीच. शब्दांची मोजणी, तो छंद.

नमुने आपल्याच भागात आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वाटेने चालणारी खंजेरी भजनं ऐका. बहुतेक वेळा केरवा सापडेल, ८ मात्रा, ४-४. झोक्याच्या चालीचा दादरा ६ मात्रांचा, ३-३. युरोपातला वॉल्ट्झ नाचही तिनाच्याच ठोक्यावर चालतो. झाडीपट्टीच्या नाटकात जुनं नाट्यपद आलं तर तबल्यावर १६ मात्रांचा तीनताल किंवा १० मात्रांचा झपताल भेटेल. झपतालाची विभागणी २-३-२-३, म्हणून तो थोडा लंगडत चालल्यासारखा वाटतो. गोंड-माडिया गावांतल्या रेल्यात ताल पावलांनीच मोजतात.

आता छंद. ग्रामगीता ओवीत आहे. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. मोठ्या अभंगात अक्षरं ६-६-६-४. वृत्तात लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. आखूड-लांब, आखूड-लांब. आपली १५-२५ ची दोरी दुसरं काय सांगते?

आता धुऱ्यावर मोबाईल वाजतो. त्यातल्या गाण्याची लय बांधीतल्या हातांसाठी बांधलेली नसते. गुत्त्याची रोवणी घाईची. ओळ बिघडते, चार चुडांचा चौकोन बिघडतो. मग २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी गोळी मधोमध बसत नाही आणि खताचा पैसा चिखलात जातो.

म्हणून यंदा रोवणीला दोरी धरणाऱ्यासोबत गाणं धरणारीही ठरवा. गाणी माहीत असलेल्या म्हाताऱ्या बाया गावोगावी कमी होत चालल्या. सरपंच, ग्रामसेवकांनी शाळेतली पोरं पाठवून ती चालीसकट उतरवून घ्यावीत. नुसते शब्द लिहून भागणार नाही, ठोका कुठे पडतो तेही लिहा. दोरी बाजारात मिळेल, ठेका मिळणार नाही.