एक एकर मैदान



ऊस विकास विभागाच्या या पानावर नेहमी बेणे, लागण, खत आणि खोडवा यांचीच चर्चा असते. या वेळी आम्ही फुटबॉलविषयी लिहीत आहोत, तरी वाचकांनी रागावू नये. गटात फिरताना बांधावर चहा घ्यायला बसलो की कोणीतरी विचारतोच, "साहेब, गुडघ्याला पट्टा बांधून सऱ्या तुडवता, हे दुखणं कुठलं?" दुखणे फुटबॉलचे आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत आम्ही हा खेळ खेळलो. त्यातून एक पैसा मिळाला नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही नव्हती. पण या सव्वीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ती सभासदांच्या उपयोगाची वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

भातखाचरातला खेळ

आमचे गाव ठाणे जिल्ह्यातील टिटवाळा. महागणपतीच्या दर्शनाला आपल्यापैकी काहीजण गेलेही असतील. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतर शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. रुळाच्या एका अंगाला देवळाकडचे गाव, दुसऱ्या अंगाला मांडा, आणि शेजारून वाहणारी काळू नदी. सगळा मुलूख भाताचा.

दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की खाचरे मोकळी होत. ज्यांनी ओलीवर वाल टाकला त्यांच्या खाचरात पाय ठेवायची सोय नव्हती. जे पड राही, तेच आमचे मैदान. आपल्याकडे उसाची खोडकी असतात तसे तिकडे भाताचे सड. अनवाणी पायाला ते कसे बोचतात, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. पहिले आठ दिवस सड उपटण्यात आणि ढेकळे फोडण्यातच जात. बांधाला मात्र हात लावायचा नाही, ही मालकाची अट. त्यामुळे दहा-बारा गुंठ्यांत जेवढे बसतील तेवढे, म्हणजे एका बाजूला सातच गडी. गोलाचे खांब बांबूचे. चेंडूतली हवा गेली की सायकलच्या दुकानात, आणि टाके उसवले की स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे. पावसाळ्यात खाचरात लावणी झालेली असे, तेव्हा शाळेच्या अंगणात चिखल तुडवायचा.

आमचा गोलरक्षक रिक्षा चालवी. मधल्या फळीतला एकजण पहाटे दूध घाली. दोघे कारखान्यात पाळीवर जात, म्हणून सामन्याची वेळ त्यांची पाळी बघून ठरे. वर्गणी आठवड्याला पाच रुपये. १९९८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोक्याने दोन गोल केले आणि फ्रान्सने ब्राझीलला ३-० असे हरवले. ते पाहिल्यापासून आमच्याकडे ज्याला-त्याला डोक्यानेच गोल मारायचा! कपाळावर टेंगळे आली, पण झिदान काही कोणी झाला नाही.

नोकरदारांचे संघ

कधी रविवारी पैसे जमले तर लोकलने ६० किलोमीटरांहून जास्त प्रवास करून आम्ही मुंबईला कूपरेज मैदानावर सामने पाहायला जात असू. मुंबईचा फुटबॉल मोठा झाला तो पलटणींच्या, कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या संघांवर. तिथली रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. १९५८ साली कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने ती जिंकली. त्या संघाकडून खेळणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि शेवटी आपला संघ चौथा आला. आज हे खरे वाटत नाही, पण आहे खरे.

पुढे काय झाले? रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तोही संघ बंद झाला. कंपनीचा संघ कंपनीच्या मर्जीवर असतो. त्यात कोणाला दोष द्यावा असे नाही. पण प्रेक्षकांना कोणी विचारत नाही, एवढे खरे.

आमच्या टिटवाळ्याच्या संघाचे तर त्याहून साधे झाले. पदविका घेऊन २००४ साली आम्ही नोकरीसाठी घाटावर आलो, पण दिवाळीची रजा मिळाली की बूट घेऊन गावी जात असू. २००९ च्या दिवाळीला गेलो, तर आमच्या खाचरावर इमारतीचे जोते उभे! मालकाने जागा विकली होती. विकणारच. भाताच्या चार पोत्यांवर घर चालत नव्हते, आणि मुंबईत घर न परवडणारा माणूस लोकलच्या रुळावरून कल्याणच्या पुढे येतच होता. पोरांनी दुसरे खाचर धरले. दोन वर्षांनी तेही विकले गेले. गडी होते, चेंडू होता, खेळायची हौसही होती. जागा तेवढी नव्हती. मग एकेकजण यायचा बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही, संघ नुसताच विरून गेला. आता भेटलो की आम्ही एकमेकांच्या पोटाकडे बघून हसतो.

तालमीची गोष्ट

इकडे आल्यावर कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला. आपल्याला त्याचे नवल नाही, पण आम्ही बाहेरून आलेले, आम्हाला फार नवल वाटले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी नावे ऐकली तेव्हा आम्ही समजलो, हे कुस्तीचे आखाडे. आखाडे होतेच! त्याच तालमींनी लाल मातीबरोबर फुटबॉलही जवळ केला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा, मुलगा आणि नातू एकाच पेठेच्या नावाने ओरडताना आम्ही पाहिले. खेळाडू म्हणाल तर कोणी कॉलेजात, कोणी दुकानात, कोणी वर्कशॉपमध्ये. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

सगळेच गोड आहे असे नाही. पेठापेठांची ईर्षा हाणामारीवर जाते, सामने थांबतात, पोलीस बोलवावे लागतात. तरीही खेळ टिकला आहे. का टिकला? तालीम कोणा एकाच्या मालकीची नाही. ती पेठेची आहे. एक पिढी थकली की दुसरी वर्गणी काढते. सहकाराबद्दल सभासदांना आम्ही काय सांगावे? पण टिटवाळ्याचे खाचर आणि कोल्हापूरची तालीम यांत फरक एवढाच आहे. आमच्याकडे खेळाडू चांगले होते, पण पायाखालची जागा दुसऱ्याची होती.

आपल्या गावासाठी

कारखान्यावर बिगरहंगामात शेती खाते विरुद्ध इंजिनिअरिंग खाते असे सामने आम्ही खूप खेळलो. २०१८ साली गुडघ्याने हात जोडले आणि आमचा खेळ संपला. आता बघण्याचे काम. गटात फिरताना दिसते की पोरे खेळायला रस्त्यावर उतरतात, आणि हंगामात त्याच रस्त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या धावतात. जीव मुठीत धरून खेळावे लागू नये.

फुटबॉलच्या नियमात मोठ्यांचे लहानात लहान मैदान ९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद असते. गुणाकार करा, ४०५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर. लहान मुलांना त्याच्या निम्मे पुरते. कोणाचा ऊस मोडा असे आम्ही म्हणत नाही. गावात गायरानाचा तुकडा असेल, शाळेमागे पडसर जागा असेल, तर ती ग्रामपंचायतीच्या कागदावर मैदान म्हणून नोंदवून घ्या. तोंडी परवानगीवर राहू नका. मग दगड वेचा, थोडा उतार काढून पाण्याचा निचरा करा आणि हरळी येऊ द्या. उसात जिचा आपण जीव घेतो, तीच हरळी मैदानावर मोलाची! पडणाऱ्या पोराला ती सांभाळून घेते. हंगामात त्या जागेवर तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात. त्या एका कडेला घेतल्या तर मधली जागा मोकळी राहील, आणि त्यांच्या पोरांनाही संध्याकाळी चेंडूला पाय लावता येईल.

या एकरातून वजनकाट्यावर एक टनही येणार नाही, हे ऊस विकास अधिकारी या नात्याने आम्ही लिहून देतो. पण गावातली पंधरा-वीस पोरे रोज संध्याकाळी कुठे आहेत, हे त्यांच्या आई-बापांना ठाऊक राहील. हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.