लिनक्स बघायला फॉरमॅट मारावा लागत नाही

हिंगणघाटात घरचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला आणि बोलता बोलता विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा विषय निघाला, की समोरून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "त्याच्यासाठी आधी पूर्ण फॉरमॅट मारा लागते नं भाऊ. फोटो-गिटो सगळे उडून जातीन." झालं, विषय संपला. लग्नाचे फोटो, पोरांच्या दाखल्यांचे स्कॅन, सातबाऱ्याच्या पीडीएफ. एवढं सगळं कोण पणाला लावणार? हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय, की हल्ली मी सरळ उलट विचारतो, तुम्ही स्वतः लिनक्स कधी सुरू करून पाहिलं का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असतं. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल इतकी खात्री कुठून येते, कोण जाणे.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेचे नवे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे, एवढंच. विंडोज ११ वर जावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ही यादी इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉप कागदोपत्री बाद. मग घरोघरी चर्चा सुरू होते, आता हा भंगारात द्यायचा का? नाही. पण भंगारात देण्याआधी लिनक्स बघा म्हटलं, की पुन्हा तेच फॉरमॅटचं भूत उभं राहतं.

तर वस्तुस्थिती अशी आहे. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू होतं आणि रॅममध्ये चालतं. याला 'लाइव्ह' म्हणतात. तुमच्या हार्ड डिस्कवर त्यासाठी काहीही लिहिलं जात नाही. बघून झालं, मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा चालू केलं, की तुमचं विंडोज जसंच्या तसं समोर येतं. ही काही कालपरवाची सोय नाही. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याचं सीडीवरून चालणारं 'नॉपिक्स' २००० सालचं. उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराने तर जून २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून चालवून बघण्याची आणि इन्स्टॉल करण्याची सीडी एकच करून टाकली. म्हणजे आज कॉलेजात जाणारी पोरं जन्माला आली तेव्हापासून ही सोय आहे, आणि आपण अजून 'फॉरमॅट मारा लागते'वरच अडून बसलो आहोत. आपल्या कापूस बाजारात बोली लावण्याआधी व्यापारी गाडीतला मूठभर कापूस ओढून धागा बघतो, त्यासाठी अख्खी गाडी रिकामी करायला लावत नाही. लाइव्ह पेन ड्राइव्ह म्हणजे तो मूठभर कापूस.

आता हे करायचं कसं? नवख्या माणसाला मी 'लिनक्स मिंट' सुचवतो, कारण त्याची मांडणी विंडोजवाल्याला ओळखीची वाटते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंटची २२ ही आवृत्ती ६४ बिटची आहे. मिंट बनवणाऱ्यांच्याच म्हणण्यानुसार किमान २ जीबी रॅम लागते, सुखाने चालायला ४ जीबी. फाइल साधारण ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. 'रुफस' किंवा 'एचर' या मोफत प्रोग्रॅमने ती लिहावी लागते. आणि इथे खरोखर काहीतरी पुसलं जातं, ते म्हणजे पेन ड्राइव्हवरचं सगळं. म्हणून रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मग मशीन बंद करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करा आणि सुरू होताना बूटची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा, मिनिट-दोन मिनिटांत डेस्कटॉप उघडतो.

'रीस्टार्ट' मुद्दाम म्हटलं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर त्यातलं फक्त वाचता येतं किंवा तो उघडतच नाही. मग लोक म्हणतात, 'बघा, लिनक्सने डिस्क खराब केली.' डिस्क शाबूत असते. विंडोजने जाताना कडी लावून घेतलेली असते.

लाइव्हमध्ये काय तपासायचं? वाय-फाय सापडतं का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर, यूट्यूबचा व्हिडिओ अडखळतो का. वाय-फाय सापडलं नाही तर मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, इंटरनेट मिळतं. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा हळू उघडतं; त्यावरून लिनक्सचा वेग ठरवू नका. आणि तिथे टाइप केलेली फाइल मशीन बंद होताच जाते, ती ठेवायची असेल तर दुसरीकडे जतन करा. मात्र लाइव्हमधून तुम्हीच सी ड्राइव्ह उघडून एखादं फोल्डर डिलीट केलंत, तर ते खरंच डिलीट होतं. तो दोष बोटांचा.

मग डेटा कधी उडतो? तुमच्याच हातून डिलीट झालेलं सोडलं, तर उडतो तो एकाच ठिकाणी. बघून झाल्यावर आवडलं आणि डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' दाबलंत, तर वाटेत एक पडदा येतो. त्यावर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं की पूर्ण डिस्क पुसून टाकायचं, असे पर्याय स्पष्ट लिहिलेले असतात. शेजारी टाकलं तर दर वेळी मशीन सुरू होताना कुठे जायचं ते विचारलं जातं, आणि दोन्ही नांदतात. पुसण्याचा पर्याय न वाचता दाबला, तर डिस्क पुसली जाते. मिंटच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हे चित्रांसकट आहे. शंका असेल त्याने तिथे जाऊन बघावं. इन्स्टॉल करण्याआधी फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेर ठेवायला हवीच, पण ती तर विंडोज असतानाही ठेवायला हवी. नाही ठेवत आपण, हा भाग वेगळा.

फॉरमॅटची भीती आली कुठून, याबद्दल मला एक दाट संशय आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर हळू झाला, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. आणि फॉरमॅट मारून जे विंडोज टाकलं जातं, ते बऱ्याचदा क्रॅक केलेलं. त्याला चालू करणाऱ्या 'अ‍ॅक्टिव्हेटर'साठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. आपल्याच घराचं कुलूप काढून अनोळखी माणसाला आत घ्यायला कुणाची ना नाही. आणि हीच मंडळी लिनक्सबद्दल विचारतात, 'फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असेल, नाही का?' लिनक्स फुकट आहे कारण त्याचा परवानाच तसा आहे. वापरा, बघा, बदला, दुसऱ्याला द्या, सगळं कायदेशीर. चोरीच्या विंडोजला मान्यता आणि कायदेशीर लिनक्सवर संशय, हे गणित मला कधी सुटलं नाही.

फॉरमॅटशिवाय आणखीही आक्षेप ऐकू येतात. 'ते प्रोग्रॅमर लोकांचं, काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात.' तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, त्यात किती कमांड टाइप केल्या? केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवर चालतं. त्या यादीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा 'प्रत्यूष'ही आला होता. म्हणजे पेरणीआधी आपण ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्याची आकडेमोडसुद्धा लिनक्सवर झालेली आहे.

'मराठी टाइप होत नाही.' होतं. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही मांडण्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. गोंधळ वेगळाच आहे. कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज उघडला, की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पण ती तो फाँट नसलेल्या कुठल्याही विंडोजवरही दिसते, कारण ते फाँट युनिकोड नाहीत. फाँटची फाइल लिनक्समध्ये टाकली की तोच अर्ज नीट वाचता येतो.

'शिकवणारं कोणी नाही.' आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि एमएस ऑफिसऐवजी वापरायच्या लिबरऑफिसचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही.' ही अफवा लिनक्सच्या भक्तांची, आणि तीही तितकीच चुकीची. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि डाउनलोडची लिंक भेसळ केलेल्या फाइलकडे वळवली गेली. म्हणून फाइल अधिकृत जागेवरूनच घ्यायची आणि तिथेच दिलेल्या 'चेकसम'शी, म्हणजे फाइलची ओळख पटवणाऱ्या खुणेशी, ती ताडून बघायची. बँकेचा ओटीपी फोनवर सांगून टाकणाऱ्याला तर कुठलीच सिस्टम वाचवू शकत नाही.

याच भक्तांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे 'सगळं चालतं'. सगळं चालत नाही. टॅलीवर धंद्याचा हिशेब असेल, फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ आणि फोटोशॉप असेल, तर विंडोज सोडू नका. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन आधी तपासावं, तिथे खोळंबा होऊ शकतो. एमएस-सीआयटीची तयारी करणाऱ्या मुलाला परीक्षेपुरतं विंडोजच द्या. प्रिंटरचं नशीब कंपनीवर : एचपीचे बरेच प्रिंटर आणि एप्सनचे शाईच्या टाकीवाले सहसा सुरळीत चालतात, पण दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर नखरे करतो. त्यासाठीच तर आधी लाइव्हवर चालवून बघायचं.

घरी मात्र ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वेब, फोटो, गाणी, एखादा अर्ज, विजेचं बिल एवढंच काम असेल, आणि बहुतेक घरांत एवढंच असतं, तर आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप मिंटवर आणखी काही वर्षं सहज निघतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर फरक लगेच कळेल. सुट्टीच्या दिवशी एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन बसा. फक्त त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते पाहा, आणि असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातली ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ती विचारू शकतं.